भांडारात वाजलेली घंटा

टेलिफोनची घंटा वाजते आहे आणि ती आपल्यासाठी नाही, एवढे एकदा कळले म्हणजे तिच्याइतकी उपेक्षित वस्तू जगात दुसरी नसेल. शेजारच्या घरी मूल रडू लागले तर आपण निदान कान देतो. शेजारच्या खोलीतला टेलिफोन मात्र आपण खुशाल वाजू देतो. मीही तो तसाच वाजू दिला होता.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, गावापासून तीन किलोमीटरवर, सागाच्या जंगलाला पाठ लावून आमचे महाविद्यालय उभे आहे. कार्यालय बंद होऊन तासभर झाला होता. दुपारपासून वीज नव्हती. प्राध्यापकांच्या खोलीत खिडकीपाशी बसून उरलेल्या उजेडात मी चाचणीच्या वह्या तपासत होते. एवढ्यात पलीकडच्या भांडाराच्या खोलीत टेलिफोन वाजू लागला. भांडाराला तर कुलूप होते. घंटा बराच वेळ वाजली, थांबली. पुन्हा वाजली, थांबली. तिसऱ्यांदा वाजली. भांडारपाल घरी जाऊन भजी खात बसला असेल, त्याला आता कोण हाक मारते आहे, असे मनाशी म्हणून मी पुढची वही उघडली.

थोड्याच वेळात वसतिगृहातला एक मुलगा धापा टाकत दारात आला.

“मॅडम, १०८ ला फोन लावून राह्यलो, घंटी जाते, पण कोनीच उचलून नाही राह्यलं जी!”

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशी चुलीसाठी लाकडे काढायला गेल्या होत्या. ढिगाऱ्यातल्या घोणशीने त्यांच्या उजव्या हाताला दंश केला होता. मुलांनी आधी मोबाइल पाहिले. दुपारपासून वीज नसल्यामुळे मनोऱ्याची बॅटरी उतरली होती आणि एकाही मोबाइलवर रेघ नव्हती. तेव्हा हा पोरगा शहाणपणाने कार्यालयात धावला. कार्यालयाचा टेलिफोन इन्व्हर्टरवर चालू होता. त्याने तो उचलला आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लावला: १०८. आता आमच्या कार्यालयात अंतर्गत क्रमांक १०८ म्हणजे भांडार. मुलगा रुग्णवाहिकेला हाक मारत होता आणि ती हाक माझ्यापासून दहा पावलांवर, कुलपाच्या आत, सांडलेल्या खडूंच्या पेट्यांवर वाजत होती. मी ती ऐकत होते.

पुढे आमच्या जुन्या शिपाईकाकांनी “अरे, आधी शून्य दाब ना बापा!” असे सांगितले आणि फोन पुण्याला लागला. तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारले, “कुठून बोलता?” मुलगा म्हणाला, “कॉलेजातून.” “कोणते कॉलेज?” “आमचं!” त्या बिचाऱ्याचे काय चुकले? त्याच्या जगात कॉलेज एकच आहे. जिल्हा, तालुका, रस्ता, खूण असे एकेक करत पत्ता पोहोचायला आणखी काही मिनिटे गेली. मावशी वाचल्या. पण उजव्या हाताचे एक बोट गेले. हरवलेल्या वेळापायी ते गेले की काय, ते डॉक्टरांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी कार्यालयातले टेलिफोन नीट करण्यासाठी एक समिती नेमली. तीत माझे नाव का घातले, तर टेलिफोनपाशी लावायची पाटी शुद्ध मराठीत असावी म्हणून! पाटीच्या चार ओळी लिहिण्यासाठी गेलेली मी पुढचे दोन महिने टेलिफोनच्या मागे लागले. त्या शोधात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते. कारण माझी खात्री आहे, आमच्यासारखी घंटा आणखी पुष्कळ भांडारांत वाजण्याची वाट पाहत आहे.

प्राचार्य म्हणजे अग्निशामक दल!

कचेरीत दहाबारा टेलिफोन असले की त्यांच्या मध्यभागी एक छोटे यंत्र बसवतात. कचेरीच्या भाषेत त्याला ईपीएबीएक्स म्हणतात. घरातल्या घरात बोलायचे तर दोन किंवा तीन आकडे पुरतात. बाहेर बोलायचे तर आधी शून्य दाबून बाहेरची लाइन मागून घ्यावी लागते. यंत्र बसवणारा माणूस क्रमांक वाटतो तो सवयीप्रमाणे १०१ पासून. आमच्याकडे १०१ प्राचार्य, १०२ उपप्राचार्य, १०३ अधीक्षक, असे करत १०८ भांडार आणि ११२ जिमखाना.

आता हीच यादी सरकारच्या यादीशेजारी ठेवून पाहा. १०० पोलीस, १०१ अग्निशामक दल, १०२ आणि १०८ रुग्णवाहिका, ११२ सर्व संकटांसाठी एकच क्रमांक. म्हणजे आमच्या कचेरीत आग लागली आणि कुणी १०१ दाबला तर प्राचार्यांच्या टेबलावर घंटा वाजणार! जिमखान्यात एक कॅरम बोर्ड आणि हवा गेलेले दोन फुटबॉल आहेत; ११२ लावणाऱ्याला मदत म्हणून तेवढीच मिळणार. हसू येते खरे. पण ही थट्टा नव्हे. आपल्याकडचे बहुतेक सगळे मदतीचे क्रमांक १ या आकड्याने सुरू होतात. मुलांसाठी १०९८ आहे, महिलांसाठी १८१ आणि १०९१ आहेत, आपल्या राज्याच्या वनखात्याचा १९२६ आहे. आणि आपल्या कचेऱ्यांचे अंतर्गत क्रमांकही १ नेच सुरू होतात. दोघांनी एकच दार धरले आहे.

यातली सर्वांत वाईट गोष्ट कोणती म्हणाल, तर ती कानात ऐकू येणारी घंटा. क्रमांक चुकीचा असेल आणि यंत्राने टूं टूं करून नकार दिला, तर माणूस निदान दुसरी वाट शोधतो. इथे मात्र घंटा जात असते. ‘आता उचलतील’ या आशेवर माणूस उभा राहतो. खोटा नकार परवडला, पण खोटी आशा नको.

चार वेळा फिरवलेला क्रमांक

असे फक्त आपल्याच रानात घडते असे कुणी समजू नये. अमेरिकेत संकटाचा क्रमांक ९११ आहे. तिथला असा पहिला फोन अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या लहानशा गावी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी झाला. पुढे तो क्रमांक देशभर इतका रुजला की बाळांना बोबड्या बोलांबरोबरच तो शिकवू लागले. २०१३ च्या डिसेंबरात टेक्सास राज्यातल्या मार्शल गावी, एका मोटेलच्या खोलीत, एका तरुण आईवर प्राणघातक हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी तिथेच होती. तिने शिकवल्याप्रमाणे टेलिफोन उचलून ९११ लावला. एकदा नव्हे, चार वेळा. त्या मोटेलात बाहेर फोन करायचा तर आधी ९ दाबावा लागे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. आई गेली.

त्या आईचे नाव कॅरी. तिच्या वडिलांनी पुढे सरकारचे उंबरठे झिजवले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ‘कॅरीचा कायदा’ झाला. १६ फेब्रुवारी २०२० पासून तो लागू आहे. त्याचे म्हणणे दोन ओळींत मावते: नव्याने बसवल्या जाणाऱ्या कचेरीच्या, हॉटेलच्या टेलिफोनवरून संकटाचा क्रमांक आधी काहीही न दाबता थेट लागला पाहिजे, आणि तो कुणी लावला की त्याची वर्दी त्याच वेळी त्या इमारतीतल्या जबाबदार माणसाला किंवा ठरलेल्या जागी मिळाली पाहिजे. आपण या दोन ओळी शिकायला एखाद्या मावशीचे बोट जाण्याची वाट का पाहावी?

संकटाचा वेगळा क्रमांक ही कल्पनाच मुळी एका दुर्घटनेतून जन्मली. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमध्ये विम्पोल रस्त्यावरच्या एका घराला आग लागली. समोरच्या गृहस्थांनी एक्स्चेंजला फोन केला. पण इतर साध्या फोनांच्या रांगेत त्यांनाही थांबावे लागले. त्या आगीत पाच स्त्रिया गेल्या. त्या गृहस्थांनी रागारागाने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तोच का? तर तबकडीवर ९ चे भोक शून्याच्या शेजारी, टोकाजवळ असते. धुरात किंवा अंधारात ते बोटाने चाचपून सापडते. १११ ठेवला नाही. कारण वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या की १ चे ठोके आपोआप पडत. यंत्र बसवणाऱ्यांनी अंधारात चाचपडणाऱ्या बोटाचा विचार केला होता, हे मला फार आवडले. आमचे यंत्र बसवताना अशा बोटाचा विचार कुणीच केला नव्हता.

आपल्याकडे १०८ ची गाडी प्रथम धावली ती हैदराबादेत, २००५ साली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिचे नियंत्रण केंद्र पुण्याला आहे. ११२ या एकाच क्रमांकाची शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये केली. महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये सुरू झाला आणि त्याचे फोन नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात. म्हणजे गाडी आपल्या तालुक्याची असली, तरी फोन उचलणारे माणूस शेकडो किलोमीटरवर बसलेले आहे. त्याने आपले गाव पाहिलेले नाही. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

वडसा की देसाईगंज?

१९८२ सालच्या २६ ऑगस्टला जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. माणसापेक्षा झाडे दाट. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भेटतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बुडतो, हे आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर ते गाव पुन्हा पुन्हा जगापासून तुटले. आतल्या पाड्यांत रुग्णवाहिका रस्त्याच्या टोकापर्यंत येते; तिथपर्यंत माणसाला खाटेची कावड करून खांद्यावर आणावे लागते. अशा मुलखात टेलिफोनवर वाया गेलेले पाच मिनिट म्हणजे शहरातले पाच मिनिट नव्हे.

आणि नावांचा घोळ! आमच्याकडे भाऊबीजेपासून झाडीपट्टीच्या नाटकांना रंग चढतो. त्यांचे माहेर म्हणजे वडसा. रेल्वे स्थानकाचे नाव वडसा, पण तालुक्याचे नाव देसाईगंज. एकाच गावाची ही दोन नावे पुण्यात बसलेल्या माणसाला ठाऊक असतीलच असे नाही. चंद्रपूरला म्हातारी माणसे अजून चांदा म्हणतात. एटापल्लीला कुणी येटापल्ली म्हणते. वडगाव आणि पिंपळगाव तर महाराष्ट्रात किती असतील ते मोजायला बसू नये. त्यात बोलणाऱ्याची भाषा. भामरागडकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची बंगाली, आणि आमची झाडीबोली. शांतपणीही ज्याला प्रमाण मराठी जड जाते, त्याला घाबरल्यावर ती कुठून सुचणार?

सीमेवरची गंमत आणखी निराळी. मोबाइलवरून लावलेला संकटाचा फोन, ज्या मनोऱ्याने तो पकडला त्या मनोऱ्याच्या प्रांतात जातो. सिरोंच्यासमोर नदी ओलांडली की तेलंगणा. नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलने पलीकडचा मनोरा धरला, तर त्याची हाक पलीकडच्या राज्यात जाऊ शकते. कचेरीच्या टेलिफोनचेही तसेच होते, फक्त कारण वेगळे. हल्ली मोठ्या संस्था रानातल्या आपल्या खाणीच्या, कारखान्याच्या किंवा प्रकल्पाच्या जागी इंटरनेटवर चालणारे टेलिफोन देतात. दिसायला टेलिफोन टेबलावर असतो; पण त्याचे यंत्र असते नागपूरला किंवा मुंबईला, मुख्य कचेरीत. जंगलातल्या माणसाने ११२ लावला की तो उपग्रहावरून किंवा प्रकाशतंतूवरून मुख्य कचेरीत जातो आणि तिथल्या लाइनने बाहेर पडतो. मदत केंद्राला पत्ता दिसतो तो मुंबईचा. एटापल्लीला आग लागायची आणि बंब मुंबईच्या कचेरीखाली येऊन उभा राहायचा!

काय केले, कसे केले

आमची व्यवस्था लावायला चंद्रपूरहून एक तरुण तंत्रज्ञ आला. त्याचे काम अर्ध्या दिवसात झाले. आमचे वाद मात्र तीन आठवडे चालले.

पहिले काम क्रमांक बदलण्याचे. १ ने सुरू होणारा एकही अंतर्गत क्रमांक ठेवायचा नाही; सगळे २०१ पासून पुढे. यावर अधीक्षकांनी हरकत घेतली की छापील कागदांवर जुने क्रमांक आहेत. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “प्राचार्यांचा १०१ गेला तर पदाची शान काय राहिली?” प्राचार्य स्वतः मात्र म्हणाले, “मला अग्निशामक दलाच्या जबाबदारीतून मोकळे करा.” तेव्हा प्रश्न मिटला.

दुसरे काम शून्याचे. ११२ आणि १०८ थेट लागले पाहिजेत. पण ज्याला शून्य दाबायची सवय आहे त्याचा फोनही अडू नये. म्हणून ११२ आणि ०११२ दोन्ही यंत्राला शिकवून ठेवले. घाबरलेल्या माणसाने नियम पाळावा अशी अपेक्षा नसते. नियमानेच त्याला सांभाळून घ्यायचे असते. शिवाय यंत्राला अशी सवय असते की तीन आकडे दाबले तरी ‘आणखी काही आकडे येतात का’ म्हणून ते काही सेकंद थांबते. ११२ च्या बाबतीत ते थांबणे काढून टाकले.

तिसरे, कुलूप. पूर्वी तबकडीच्या भोकात पितळेचे इवलेसे कुलूप घालून साहेब घरी जात. हल्ली सांकेतिक आकड्यांचे कुलूप असते. बिल वाढू नये म्हणून ते ठीकच. पण संकटाचे क्रमांक कुलपाबाहेर ठेवावेत. आमच्या चार टेलिफोनांवर ते कुलपाच्या आत होते.

चौथे, वाट. हा फोन नेहमी जागेवरच्या स्थानिक लाइननेच बाहेर पडावा. जुन्या तांब्याच्या तारेची इथे एक मोठी पुण्याई आहे. तिला एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह येतो. म्हणून गावात वीज नसली तरी साधा टेलिफोन बोलतो. प्रकाशतंतूची लाइन आणि इंटरनेटचा टेलिफोन यांना मात्र आपल्याच जागची वीज लागते. ती गेली की तेही गेले. पुष्कळ ईपीएबीएक्स यंत्रांत अशी सोय असते की वीज पूर्ण गेल्यावर एक ठरलेला टेलिफोन आपोआप थेट बाहेरच्या लाइनला जोडला जावा. आमच्याही यंत्रात ती होती. इतकी वर्षे कुणी ती जोडलीच नव्हती! आता तो टेलिफोन दाराशी, कुलपाबाहेर, लाल रंगाने रंगवून ठेवला आहे. जिथे तार नाही तिथे जागेवरच मोबाइलचे कार्ड घालून चालणारा कचेरीचा टेलिफोन ठेवता येतो; मात्र तिथला मनोरा कोणत्या प्रांतातला आणि त्याची बॅटरी किती टिकते ते आधी पाहावे. नक्षलग्रस्त भागांत सरकारने २०१४ च्या सुमारास मंजूर केलेल्या योजनेतून दहा राज्यांत २,३४३ ठिकाणी मनोरे उभे झाले आणि २०२२ मध्ये ते ४जी करण्यास मंजुरी मिळाली, हे खरे. पण मनोरा असणे आणि तो भर पावसात दुसऱ्या दिवशीही जागा असणे यांत अंतर आहे.

पाचवे, वर्दी. कुणीही ११२ किंवा १०८ लावला की त्याच क्षणी फाटकावरच्या चौकीदाराचा टेलिफोन वेगळ्या सुरात वाजतो आणि कोणत्या खोलीतून फोन गेला ते त्याला दिसते. चौकीदाराने मग काय करायचे? फाटक सताड उघडायचे, टॉर्च घेऊन मुख्य रस्त्याच्या वळणावर उभे राहायचे. मदत केंद्राने उलट फोन केला तर तोही रात्री बंद कार्यालयात न वाजता चौकीदाराकडेच जावा, अशी व्यवस्था केली. आमचा अर्धा पत्ता आता चौकीदाराच्या हातातल्या टॉर्चने सांगितला जातो.

पाटीच्या चार ओळी

आता माझे काम. मी पहिला मसुदा केला तो असा: ‘आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्यास संबंधितांनी विनाविलंब खालील क्रमांकांवर संपर्क साधावा.’ वीस वर्षे मराठी शिकवल्याचा हा परिणाम. शिपाईकाकांना वाचून दाखवले. ते नम्रपणे म्हणाले, “चांगलं आहे जी. पण साप चावला तर काय करायचं, ते नाही लिहिलं.”

मी तो कागद फाडला. मग वसतिगृहातल्या त्याच मुलाला समोर बसवून विचारले, “त्या दिवशी तुला काय माहीत असते तर बरे झाले असते?” त्याने जे सांगितले ते मी लिहिले. पाटी अशी झाली: ‘११२ किंवा १०८ दाबा. शून्य नको. काय झाले ते आधी सांगा. मग जिल्हा, तालुका, गाव सांगा.’ त्याखाली मोठ्या अक्षरांत आमचा पूर्ण पत्ता, गावाची दोन्ही नावे, मुख्य रस्त्यावरून कोणत्या वळणाला आत यायचे ती खूण, अक्षांश-रेखांश. शेवटची ओळ: ‘तिकडचे सांगतील तोवर फोन ठेवू नका.’ खाली एका विद्यार्थिनीने हेच माडियात देवनागरी अक्षरांनी लिहून दिले. एका कोपऱ्यात ग्रामीण रुग्णालयाचा आणि पोलीस ठाण्याचा सरळ क्रमांकही घातला. कारण एकाच दारावर भरवसा ठेवू नये.

आणि एक गोष्ट पाटीवर मावली नाही, म्हणून ती मुलांना शिकवली. दूरची मदत येईपर्यंत जवळची मदत लागते. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले; गडचिरोलीजवळ अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. शहाणपण ओळखीच्या माणसाच्या हातात द्यावे, हा धडा या दोघांनी आमच्या जिल्ह्याला दिला. सर्पदंश झाला तर हात हलवू द्यायचा नाही, चिरायचे नाही, घट्ट आवळायचे नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा, एवढे तरी आमच्या वसतिगृहातल्या प्रत्येकाला आता पाठ आहे.

चाचणी

सर्व जोडून झाल्यावर एक काम उरले, आणि तेच सगळे विसरतात: लावून पाहणे. संकटाच्या क्रमांकावर उगाच फोन करू नये. तिथे खरोखर मरणाच्या दारातला कुणी थांबलेला असतो. म्हणून आधी पोलीस ठाण्यात जाऊन कल्पना दिली, गर्दी नसेल अशी सकाळची वेळ ठरवली आणि पहिल्याच वाक्यात ‘ही चाचणी आहे, संकट नाही’ असे सांगायचे ठरले. टेलिफोन लावायचा मान त्या मुलाला दिला.

त्याने ११२ दाबले. भांडारात काहीही वाजले नाही. आम्ही सगळे त्या शांततेकडे कान लावून उभे होतो. फाटकावर चौकीदाराची घंटा खणखणली आणि इकडे मुलाच्या कानात माणसाचा आवाज आला. त्याने पाटीवर बोट ठेवून जिल्हा, तालुका, गाव, वळण असे सगळे एका दमात सांगितले. पलीकडच्या बाईंनी पत्ता उलट वाचून दाखवला. तो बरोबर होता.

मावशी दाराशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “आता तं भांडारात नाही ना वाजनार जी?”

“नाही मावशी,” मी म्हटले. त्यांनी मान हलवली आणि त्या चुलीकडे गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लाकडांना आता जमिनीपासून हातभर उंच मांडणी आहे, हेही सांगून टाकते.

वाचकहो, दिवाळीची सुटी संपली की तुमची कचेरी उघडेल. टेबलावर टेलिफोन असेल. त्यावरून ११२ लावू नका. पण तो बसवणाऱ्याला बोलावून एवढे विचारा, की हा क्रमांक इथून लावला तर तो नेमका कुठे वाजेल? त्याला उत्तर द्यायला वेळ लागला, तर उठा आणि तुमच्या भांडाराचे कुलूप उघडून पाहा.